जवारीतले गहू

मी कमी बोलतो, म्हणून लोक मला सरळ समजतात. वाशीमजवळच्या मालेगावात पंचवीसेक वर्षं मी विज्ञान शिकवतो आहे; वर्गाबाहेर माझा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. सासुरवाडीत तर "आमचा जवाई म्हणजे गाय" असं ठरूनच गेलेलं. गाय बोलत नाही हे खरं आहे. पण गाय दुसऱ्याच्या वावरात शिरते तेव्हाही बोलत नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही.

हे लिहायला बसलो ते कोणी सांगितलं म्हणून नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालं आहे, त्यांनी द्यायची ती शिक्षाही देऊन झाली आहे. पण सांगताना घाई झाली आणि अर्धं पोटात राहिलं. पोटात राहिलेलं काय करतं, हे मला आता रिपोर्टासकट माहीत आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मला साखर निघाली. वाशीमच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि पुढचं सगळं तिलाच सांगितलं. माणसाच्या चेहऱ्यावरून त्यांना कळत असावं, घरात कोणाशी बोलण्यात अर्थ आहे.

"गहू बंद. भात कमी. ज्वारीची भाकर द्या. पीठ चाळायचं नाही, कोंड्यासकट. आणि दळताना जरा जाडसर दळून आणा, एकदम मैद्यासारखं नको."

"किती भाकरी?" बायकोने विचारलं.

"दोन."

"हे चार खातात."

"दोन," डॉक्टर म्हणाले.

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

बस वाशीमहून निघाली आणि बायकोचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "बरं झालं बाई! जवारी तर आपल्या घरचीच हाये!"

आपल्या घरची म्हणजे तिच्या भावाची. अनसिंगच्या पुढे त्याचं गाव. तिथे आता जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, तूर आणि हिवाळ्यात हरभरा. जवारी पेरणारा हा एकटाच. दरवर्षी दसऱ्यानंतर एकरभर जवारी पेरतो, आणि तीही त्याच्या वडलांनी राखलेल्या बियाण्याची. माझे सासरे चांगली कणसं निवडून चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवायचे. ते गेले, पण बियाणं राहिलं. दरवर्षी त्यातलंच पेरायचं, त्यातलंच राखायचं. बाजारात हे बी मिळत नाही. साळ्याने एक वर्ष पेरलं नाही, तर ते संपलं. आमच्याकडे दर वर्षी एक पोतं येतं. आतापर्यंत ते पोतं आम्ही पाहुण्यांना धपाटे करायला आणि शेजाऱ्यांना कौतुकाने वाटायला वापरत होतो. आता ते माझं औषध झालं.

इथे माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. मी भाकरीवर वाढलो. आमच्या घरी पोळी यायची ती सणाला, नाहीतर पाहुण्याला. पाहुणा जेवायला बसला की आम्ही भावंडं दाराआड उभी राहून त्याचं ताट पाहत असू. त्याने "आता पुरे" म्हटलं की आमच्या पोटात आनंद व्हायचा. एक मामा होते, ते कधीच पुरे म्हणत नसत. त्यांचा मला अजून राग आहे. नोकरी लागली त्या महिन्यापासून मी रोज पोळी खायला लागलो. पगार, पेन, हातातलं घड्याळ, हे सगळं ठीक होतं. पण माझी खरी बढती म्हणजे रोजची गव्हाची पोळी. डॉक्टरांनी ती बढती एका वाक्यात काढून घेतली.

वर्गात मी मुलांना सांगतो, की भाकरीत तंतू जास्त, ती हळू पचते, रक्तात साखर हळूहळू सोडते. मला सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि ताटात जाडसर, करडी, कडेने तडकलेली भाकर पाहून घशाला कोरड पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर पहिला महिना मी नेमाने खाल्लं. दोनच. आमच्या घरी दळण नेण्याचं काम माझ्याकडे, कारण तेवढंच काम माझ्याकडून नीट होतं असा बायकोचा अनुभव. बाजाराच्या रस्त्याला एका भाईजानची चक्की आहे. भाईजान माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. पिठाने त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असतात. त्यांच्याकडचा नियम पक्का: जवारी जवारीवर, गहू गव्हावर. म्हणजे गव्हाचं दळण झालं की लगेच जवारी टाकायची नाही, आधी कोणाची तरी जवारी येऊ द्यायची, नाहीतर चक्कीत राहिलेलं गव्हाचं पीठ जवारीत येतं. बाया यावरून भांडतात. भाईजान सगळ्यांचे डबे रांगेत मागे-पुढे करून न्याय करतात.

एका दिवशी लग्नाच्या घरचे गहू दळून झाले आणि पुढे माझा एकट्याचाच जवारीचा डबा. "सर, थोडं थांबा, एखादी जवारी येऊ द्या," भाईजान म्हणाले. माझा तास होता. मी म्हटलं, "टाका."

त्या संध्याकाळची भाकर तुटली नाही. थापताना कडा फाटल्या नाहीत, तव्यावर टम्म फुगली आणि घडी घातली तर घडी झाली. मी तीन खाल्ल्या. बायकोने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि अभिमानाने म्हणाली, "पाह्यलं का? ह्याले म्हन्तात बाबांचं बियानं. कसा चिकटपना हाये!"

मी काही बोललो नाही. इथून ते सुरू झालं.

पुढच्या खेपेला मी भाईजानांना म्हटलं, "दोन मुठी गहू टाका. भाकर जमत नाही घरी."

खोटं होतं. माझ्या बायकोची भाकर आमच्या गल्लीत पहिली. भाईजानांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, दाक्तरनं सांगितलं म्हनता ना तुमी?"

"दोन मुठींनी काय होते?"

दोन मुठींनी काही झालं नाही. म्हणून ओंजळ झाली. ओंजळीने झालं नाही म्हणून दोन ओंजळी. घरचे गहू नेले असते तर कळलं असतं, म्हणून मी वाण्याकडून गहू आणून भाईजानांच्या फळीवर, एका रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवायला लागलो. आणि जाडसर दळायचं सोडून "बारीक करा" म्हणायला लागलो. श्रावण लागेपर्यंत डब्यात निम्मी जवारी होती आणि निम्मे गहू. नाव मात्र जवारीचंच.

"सर," भाईजान एकदा म्हणाले, "एक इचारतो. याच्यापेक्षा सरळ पोळीच काहून नाई खात?"

"घरी चालत नाही."

"आन् हे चालते?"

"हे माहीत नाही घरी."

भाईजानांनी पट्ट्यावर हात ठेवून मोठा श्वास घेतला. "अल्ला मियाँ, माझ्या चक्कीत काय-काय दळून राह्यलं!"

बायकोच्या कसं लक्षात आलं नाही, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. तिच्या हाताला कळत होतं. कणीक मळताना ती थांबायची, बोटांनी ताणून पाहायची. पण दरवेळी तिचं उत्तर तयार असायचं: बाबांचं बियाणं. बापाच्या कौतुकापुढे तिने स्वतःच्या बोटांचं ऐकलं नाही. आणि मी त्याचा फायदा घेतला.

जूनमधल्या रिपोर्टात साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "ज्वारी खाता ना नीट?" मी मान हलवली. बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आठवड्यात एकदा पोळी, तीबी अर्धी. बाकी जवारीच." डॉक्टरांनी गोळी वाढवली.

बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "माझंच काईतरी चुकून राह्यलं."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. वाशीम ते मालेगाव, रस्ता काही इतका छोटा नाही.

श्रावणात शाळेत माता-पालकांचा मेळावा होता. विषय आला होता पौष्टिक तृणधान्यांचा. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञानाचे. ज्वारी-बाजरीवर तुम्हीच बोला." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर ते निघूनही गेले होते.

फळ्यावर मी जवारीचा मोठा दाणा काढला. वरचा कोंडा, आतला पांढरा भाग, बुडाशी अंकुर. कोंड्यात तंतू आणि लोह. चाळून टाकलात तर उत्तम भाग म्हशीला आणि उरलेला नवऱ्याला. बाया हसल्या. मला चढ आला. मी म्हटलं, "गव्हात एक चिकट प्रथिन असतं, ते ज्वारीत नसतं. म्हणून पोळी ताणली जाते, भाकर तुटते."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला तिसऱ्या रांगेत बायको दिसली. बचत गटाच्या बायांबरोबर आली होती. सकाळीच तिने मळलेलं पीठ रबरासारखं ताणलं जात होतं. तिने हात वर केला.

"सर," चारचौघांत ती मला सर म्हणते, "एक इचारू का?"

"विचारा."

"जवारी एवढी गुनाची. मंग एखादा मानूस रोज जवारीच खाते, तरी त्याची साखर काहून वाढते?"

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. निम्म्यांना माहीत होतं तो माणूस कोण.

"ते..." मी खडू खाली ठेवला. "ते करण्याच्या पद्धतीवर असतं."

आणि मग मी बोलत सुटलो. फार बारीक दळलं की पोटात झटकन पचतं आणि साखर पटकन चढते, म्हणून जाडसर बरं. कण्या त्याहून बऱ्या. धान्य भिजवलं, आंबवलं, तर त्यातलं लोह शरीराला जास्त लागतं. करून गार झालेली भाकर गरम भाकरीपेक्षा हळू पचते. त्या दिवशी मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. म्हणूनच ते खोटं इतकं पक्कं बसलं.

बायकोने पदराच्या टोकाला गाठ मारली. गोष्ट विसरू नये म्हणून ती असं करते. त्या तासाभरात पदराला चार गाठी पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात माझं भाषण सुरू झालं. पहाटे उठून ती जवारी भिजवायची, दुपारी गच्चीवर पसरायची, वाळली की मला डबा द्यायची. "जाडसर सांगजा." मी चक्कीवर जाऊन बादलीतले गहू टाकून बारीक सांगायचो. मग आंबील आली. दोन दिवस आंबवलेल्या पिठाचा वास जिन्यातून खाली उतरायचा, शेजारीण येऊन विचारून गेली, "वहिनी, कुठं दह्याचं भांडं फुटलं का?" मग सकाळी शिळी भाकर. गरम-गरम फुगलेली भाकर ती माझ्या डोळ्यांदेखत ताटलीखाली झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला द्यायची.

"तुमीच सांगतलं ना मेळाव्यात, गार झाल्यावर हळू पचते?"

"हो."

"मंग खा."

ज्या मऊ भाकरीसाठी मी हे सगळं पाप केलं, ती मला आता शिळी मिळत होती. दुसरा कोणी असता तर तिथेच सुधारला असता. मी बादलीत गहू वाढवले.

एका दुपारी मी लवकर घरी आलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. तळहातावर पीठ घेऊन उजेडाकडे धरलं होतं, बोटाने हलवत होती, आणि मग तिने तळहात पुसून नुसता हातच पाहिला, मागून-पुढून. मी चपला हातात घेऊन परत जिना उतरलो आणि अर्ध्या तासाने आवाज करत वर आलो.

पोळा झाल्यावर पुन्हा वाशीम. साखर आणखी वर. या वेळी ती बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली नाही. तिने बोटांवर मोजलं. "पद्धत बदलली. पानी तेच, तवा तोच, हात माहे तेच. आता राह्यलं काय?"

मी बसच्या छताकडे पाहिलं.

"जवारी!" ती म्हणाली, आणि तिथूनच भावाला फोन लावला.

"भाऊ, खरं सांग. बियानं बदललं का तू?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण तिच्या बाजूने सगळं कळत होतं.

"नाई, मी इचारून राह्यली... मंग यांची साखर काहून वाढते?... दुकानातलं आनलं असन तर सांग, मी काई म्हनत नाई... बाबांचं नाव कायले घेतं? बाबा असते तर असं झालं असतं का?... हॅलो? हॅलो?"

तिने फोन मांडीवर ठेवला. "मले म्हन्ते, तू मले चोर समजतं का."

आठवडाभराने गावाकडून निरोप आला. साळा यंदा जवारी पेरणार नाही. हरभराच टाकणार. "माह्या जवारीनं भाऊजी आजारी पडत असन, तर ते पाप मले कायले?" दिवाळीलाही येत नाही म्हणाला. बायको म्हणाली, "नाई तं नाई." आणि सबंध संध्याकाळ भांडी नको तितकी घासत बसली.

आता काय पणाला लागलं होतं हे मला नीट कळत होतं. एक वर्ष पेरा चुकला की सासऱ्यांचं बियाणं संपणार होतं, आणि ते माझ्या दोन मुठींनी. आणि भाऊ-बहीण... त्यांना आईबाप नाहीत, एकमेकांखेरीज माहेर नाही. मी रोज ठरवत होतो, आज बोलू. रोज जेवायला बसत होतो आणि तोंडात घास घालत होतो. भरल्या तोंडी बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं आहे.

दसरा झाला. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मला साळ्याचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या त्या चक्कीवर या. आत्ता. घरी सांगू नका."

चक्कीवर गेलो तर त्याची मोटरसायकल उभी, मागे पोतं बांधलेलं. रांगेत पंधराएक बाया डबे घेऊन. साळ्याने पोतं उतरवून चक्कीपुढे ठेवलं होतं आणि तोंडाची सुतळी सोडत होता. माझ्या पायाही पडला, एरवीसारखा. त्याने मला आणखीच मेल्यासारखं झालं.

"हे काय?"

"बियानं," तो म्हणाला. "बाबांचं. सारं, घरात होतं तेवढं. आता तुमच्यासमोर दळतो. तुमी साक्षीले आहात. पीठ घरी घेऊन जा, ताईले म्हना, खाऊन पाह्य. तपासाले दे कुठं द्यायचं ते. बियान्यापेक्षा अस्सल जवारी मी कुठून आनू?"

"अन् पेरशील काय?"

"कोनासाठी पेरू?"

असं काम फक्त आमच्याकडचाच माणूस करू जाणे. आपण खरे आहोत हे दाखवायला तो पुरावाच दळून टाकायला निघाला होता.

भाईजान सगळं ऐकत होते. चक्की चालू होती, कोणाची तरी जवारी संपत आली होती. ते पट्टा पाहिल्यासारखं करत होते, उगाच तोंडावरचं फडकं झटकत होते. मला वेळ देत होते ते. शेवटी त्यांनी साळ्याची पहिली पाटी भरून घेतली, चक्कीच्या तोंडाशी नेली आणि पांढऱ्या पापण्यांखालून माझ्याकडे पाहिलं.

"सर, टाकू का?"

मी म्हटलं, "नका टाकू."

चक्कीच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. पाटी कलायला लागली.

"नका टाकू!" मी ओरडलो.

साळा कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हन्ता?"

"जवारी चांगली आहे!"

"काय?"

"जवारीत दोष नाही! मी गहू टाकत होतो!"

"कुठं?"

"जवारीत!"

"काय टाकत होते?"

"गहू! गहू!"

साळा अजून "काय?" म्हणत होता. पण रांगेतल्या बायांना सगळं ऐकू आलं होतं. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजीने त्याच्या दंडाला धरून ओढलं आणि कानात, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बापा, तुहा जवाई म्हन्ते, तुह्या जवारीत हा गहू मिसळून खात होता! म्हनून याची साखर वाढली! चोरून!"

तेव्हा कुठे भाईजानांनी खटका खाली केला. चक्की थांबायला वेळ लागतो. ती घरघरत थांबली. पंधरा बाया आणि मी.

"किती?" साळ्याने विचारलं.

"आधी दोन मुठी."

"आन् मंग?"

"निम्मे."

"निम्मे!" म्हातारी म्हणाली. "मंग तिले जवारी कायले म्हन्ते? लगनाची पोळीच ते!"

साळा भाईजानांकडे वळला. "तुमाले माहीत होतं?"

"भाऊ," भाईजान फडक्याने हात पुसत म्हणाले, "कोनाच्या पिठात काय हाये, हे चक्कीवाला सांगत नसते. माह्या बायकोलेबी मी कोनाचं सांगत नाई. या गावात अर्धी घरं त्याच्यावर उभी हायेत." रांगेतल्या दोन-तीन बायांनी उगाच पदर सारखा केला.

साळ्याने पाटीतली जवारी पुन्हा पोत्यात ओतली. खाली सांडलेले दाणे वाकून एकेक वेचले, फुंकून पोत्यात टाकले. सुतळी आवळली. मला वाटलं आता शिव्या देईल. तो म्हणाला, "महिनाभर माही बहीन माह्या बापाच्या नावाले बोटं मोडून राह्यली, आन् तुमी समोर बसून जेवत होते?"

"हो."

"चला घरी. ताईले मी नाई सांगत. तुमी सांगा."

सांगायची वेळच आली नाही. रांगेतली एक बाई आमच्याच गल्लीतली होती आणि तिची स्कूटी आमच्यापुढे गेली. आम्ही जिना चढलो तर बायको दारात उभी.

"या," ती म्हणाली, "गव्हाचे व्यापारी."

मी चपला काढल्या. तिने भावाला आत घेतलं, पाणी दिलं. मला पाणी मिळालं नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती गव्हाबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं.

"म्या दोन महिने पहाटे उठून जवारी भिजू घातली. तुमी पांघरुनातून पाहत होते. तवा काहून नाई बोलले?"

"बोलवलं नाही."

"मेळाव्यात तं तासभर बोलवलं!"

भावाने तोंडावर रुमाल धरला. तो हसतो आहे हे मला कळलं, तिलाही कळलं. "हासू नको तू," ती त्याच्यावर डाफरली, "तूबी कमी नाई. बाबांचं बियानं दळाले निंघाला! डोक्शात काय भुसा हाये का?"

"तूच तं म्हने..."

"मी म्हनन! मी मोठी हावो. तू ऐकाचं कशाले?"

दोघंही एकाच वेळी बोलायला लागली आणि दोघांचेही डोळे भरून आले. मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो. माझ्यामुळे तुटलेलं माझ्यासमोर जुळत होतं आणि त्यात माझा काही उपयोग नव्हता.

भाऊ जेवायचा होता. पण भाकर कशाची करणार? डब्यातलं पीठ माझं होतं. तिने तो डबा उचलून दाराबाहेर ठेवला, कोणाच्या तरी म्हशीसाठी. मग कोठीतून अख्खी जवारी काढली, जिथे माझा हात पोचला नव्हता. धुतली, निथळवली आणि मिक्सरमधून नुसती भरडून घेतली, कोंड्यासकट. ताकात घालून कण्या शिजायला ठेवल्या.

कण्यांना वेळ लागतो. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून राहिलो. पातेल्यातून बुडबुडे फुटत होते. ती मधून मधून ढवळत होती आणि माझ्याकडे न पाहता भावाशी बोलत होती.

"किती पेरशील?"

"दरसालचं एक एकर."

"दोन पेर."

"दोन कशाले?"

"यांचे आठ महिने गव्हात गेले," ती म्हणाली. "आता पहिल्यापासून सुरू करा लागन."

भावाने मान डोलावली, जणू फवारणीबद्दल बोलणं चाललं आहे. सोमवारीच पेरणीची तिफन जुंपतो म्हणाला. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमीबी या सोमवारी. रजा टाका."

"येतो," मी म्हटलं.

ताटं वाढली. कण्या जाडसर होत्या. दात लावून, चावून खाव्या लागत होत्या. ताकाची आंबट चव, मध्येच लागणारा कोंडा. लहानपणी पाहुण्याच्या ताटाकडे पाहत मी जे खाल्लं होतं ते हेच. आवडलं असं मी म्हणणार नाही. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

दोन घास खाल्ले आणि मी म्हणालो, "मीठ कमी आहे."

इतक्या महिन्यांत जेवताना मी खरं बोललेलं हे पहिलं वाक्य. बहीण-भावाने एकदम वर पाहिलं. मग दोघं पुन्हा आपापल्या ताटात वाकली.

मीठ कोणी दिलं नाही.